रोजची फी, वर खर्च वेगळा

रेमंड चँडलरचा खासगी गुप्तहेर फिलिप मार्लो १९३९ सालच्या ‘द बिग स्लीप’मध्ये आपला दर सांगतो: दिवसाला २५ डॉलर, वर खर्च वेगळा. सारा पारेत्स्की यांची व्ही. आय. वॉरशॉस्की १९८२ साली आलेल्या ‘इन्डेम्निटी ओन्ली’त समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला १२५ डॉलर सांगते, खर्च अर्थात वेगळाच. मधल्या काळात महागाई वाढली, एवढंच यातून वाचायचं तर वाचावं. पण गुप्तहेर बाईच्या तोंडी दर येणं ही महागाईपेक्षा मोठी घडामोड होती. स्त्रियांनी लिहिलेल्या थ्रिलरमधल्या कणखर नायिकांचा विषय निघाला की हटकून पिस्तूल, मारामारी, शिवराळ भाषा, रात्री-अपरात्री एकटीनं हिंडणं यांच्याकडे बोट दाखवलं जातं. माझ्या मते तो सगळा वरचा साज आहे. या नायिकांचा कणखरपणा त्यांच्या कमाईत आहे: स्वतःच्या नावाचं ऑफिस, स्वतःच्या नावाचा परवाना, थकलेलं भाडं, वसूल न झालेलं बिल, आणि या सगळ्याच्या जोरावर मिळालेली ‘नाही’ म्हणायची सोय. लेखिकांनी गुन्ह्याची जागाही याच हिशेबानं हलवली. शयनगृहातून ती फायलींच्या कपाटात गेली.

पैसे तर मार्लोही मागतो, मग बाईचं त्यात वेगळं काय, ही शंका रास्त आहे. फरक दर सांगण्यात नाही, सांगून झाल्यावर काय होतं त्यात आहे. मार्लोच्या जगात पैशाला न भुलणं हीच सचोटीची खूण. ‘द लाँग गुडबाय’मध्ये (१९५३) टेरी लेनॉक्सनं पाठवलेली ५,००० डॉलरची एकच नोट तो मोडत नाही आणि अखेरीस परत करतो. हा फकिरी बाणा त्याला शोभून दिसतो, कारण पुरुष कमावणारच हे गृहीत आहे. कमावू शकणाऱ्यानं नाकारलं की त्यात रुबाब येतो. बाईच्या श्रमाचे पैसे न देणं ही मात्र जुनी रीत. तिनं फी परत केली तर तो त्याग कुणाच्या लक्षातही येत नाही, नेहमीचंच घडलं असं होतं. उलट त्या काळातल्या पुरुषांच्या गुन्हेकादंबऱ्यांत बाईनं पैशाची इच्छा धरली की तिच्या हाती खून आलाच. डॅशिएल हॅमेटच्या ‘द मॉल्टीज फाल्कन’मधली (१९३०) ब्रिजिड एका मौल्यवान मूर्तीपायी खून करते. जेम्स केनच्या ‘डबल इन्डेम्निटी’तली फिलिस विम्याच्या रकमेसाठी नवऱ्याचा काटा काढते. चँडलरच्या ‘फेअरवेल, माय लव्हली’तली (१९४०) वेल्मा, पूर्वाश्रमीची गाणारी, श्रीमंत नवऱ्याच्या घरातलं आपलं स्थान टिकवण्यासाठी गोळी घालते. मिकी स्पिलेनच्या ‘आय, द ज्युरी’च्या (१९४७) शेवटी तर नायक जिच्याशी लग्न करणार असतो तिलाच ठार करतो, कारण सगळ्या काळ्या धंद्यामागे तीच निघते. पुरुषाची गरिबी हे चारित्र्य आणि बाईची कमाई हा गुन्हा, असा तो हिशेब होता. चँडलर वाचताना त्यातल्या बायका खटकल्या आणि त्यातूनच आपली नायिका सुचली, असं पारेत्स्की यांनी वेळोवेळी सांगितलं आहे.

तपास करणाऱ्या बाया त्याआधी नव्हत्या, असं मुळीच नाही. प्रत्यक्षात तर त्या कादंबऱ्यांच्या फार आधी कामाला लागल्या होत्या. ॲलन पिंकर्टनच्या शिकागोतल्या एजन्सीत केट वॉर्न १८५६ साली रुजू झाली. १८६१ मध्ये अब्राहम लिंकनना बाल्टिमोरमार्गे गुपचूप वॉशिंग्टनला नेलं, तेव्हा आजारी भावाला घेऊन निघालेली बहीण बनून ती त्यांच्यासोबत आगगाडीत होती. साहित्यात ॲना कॅथरिन ग्रीन यांनी १८९७ मध्ये अमेलिया बटरवर्थ ही चौकस प्रौढ कुमारिका आणली. अगाथा ख्रिस्तींची मिस मार्पल तिच्याच कुळातली. या दोघी बुद्धीनं कुणाला हार जाणाऱ्या नाहीत, पण त्यांचं काम लुडबुडीच्या सदरात मोडतं. पोलीस त्यांना खपवून घेतात, कारण त्या पैसे मागत नाहीत आणि कुणाच्या खुर्चीवर हक्कही सांगत नाहीत. मार्पलबाईंना तपासाची घसघशीत रक्कम मिळते ती १९७१ सालच्या ‘नेमेसिस’मध्ये, एका मृत धनिकाच्या इच्छेनुसार, २०,००० पौंड. त्यांची पहिली कथा १९२७ ची. म्हणजे चव्वेचाळीस वर्षं गावाची फुकट सेवा झाली होती. पुढच्याच वर्षी पी. डी. जेम्स यांची ‘ॲन अनसुटेबल जॉब फॉर अ वुमन’ आली. भागीदारानं आत्महत्या केल्यावर त्याची डबघाईला आलेली एजन्सी आणि विनापरवाना पिस्तूल बावीस वर्षांच्या कॉर्डेलिया ग्रेच्या गळ्यात पडतं, आणि जो भेटेल तो तिला हे बाईमाणसाचं काम नव्हे म्हणून सांगत सुटतो. ती एजन्सी बंद करत नाही, एवढीच तिची बंडखोरी. जेम्स यांनी स्वतः नवऱ्याच्या मानसिक आजारामुळे आधी रुग्णालय प्रशासनात आणि पुढे ब्रिटिश गृहखात्यात नोकरी करून घर चालवलं होतं. पगाराची किंमत ठाऊक असलेल्या हातानं कॉर्डेलिया लिहिली गेली आहे. तरी तिच्या वाट्याला दोनच कादंबऱ्या आल्या, आणि जेम्स यांच्या मालिकेचा मान पुरुष पोलीस अधिकारी ॲडम डॅलग्लिश यालाच राहिला.

अमेरिकेत मात्र पाचेक वर्षांत चित्र पालटलं. मार्शा म्युलर यांची शॅरन मकोन १९७७ साली ‘एडविन ऑफ द आयर्न शूज’मध्ये आली, सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका सहकारी वकील संस्थेची ती पगारी तपासनीस. तिचं दुसरं पुस्तक यायला १९८२ उजाडलं, आणि त्याच वर्षी पारेत्स्की यांची वॉरशॉस्की आणि सू ग्राफ्टन यांची किन्सी मिलहोनही अवतरली. तिघींना एकाच सुमारास हे सुचलं याचं उत्तर साहित्यात कमी आणि कायद्यात जास्त सापडतं. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानं नोकरीतला लिंगभेद बेकायदा ठरवला, पण राज्यांच्या आणि शहरांच्या नोकऱ्यांना, म्हणजे पोलीस खात्यालाही, तो लागू झाला १९७२ मध्ये. त्याआधी १९६८ साली इंडियानापोलिसमध्ये दोन महिला पोलीस गस्तीच्या मोटारीतून बाहेर पडल्या तीच नवलाई होती. एरवी खात्यातल्या बायकांकडे बायकामुलांची प्रकरणं आणि टंकलेखन असे. १९७४ साली कर्ज आणि उधारीच्या बाबतीत समान वागणुकीचा कायदा झाला. तोपर्यंत बँका बाईला कर्जासाठी खुशाल नवऱ्याची सही मागत. आता खासगी गुप्तहेराचा धंदा कशावर उभा असतो ते पाहा. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात परवान्यासाठी तपासकामाचा अनुभव लागतो, आणि तो मिळतो पोलीस खात्यात, वकिलाकडे किंवा विमा कंपनीत. ऑफिस भाड्यानं घ्यायला पत लागते. १९६५ साली अशी नायिका लिहिली असती तर तिला परवाना कुठून मिळाला इथेच कादंबरी अडली असती. किन्सी दोन वर्षं पोलिसात काढून बाहेर पडलेली आहे, वॉरशॉस्की सरकारी खर्चानं गरिबांचे खटले लढवणारी वकील होती. लेखिकांनी या पूर्वेतिहासाचा तपशील मुद्दाम दिला, कारण विश्वास बसायचा तर तो तिथेच बसणार होता.

पारेत्स्की यांचं काम या दृष्टीनं जरा थांबून बघण्यासारखं आहे. आयोवात जन्मलेल्या आणि कॅन्ससमध्ये वाढलेल्या पारेत्स्की १९६६ च्या उन्हाळ्यात समाजकार्यासाठी शिकागोला आल्या. मार्टिन ल्यूथर किंग यांची तिथली मोहीम तेव्हा चालू होती. पुढे शिकागो विद्यापीठात इतिहासाची डॉक्टरेट, व्यवस्थापनाची पदवी आणि एका मोठ्या विमा कंपनीत नोकरी. ‘इन्डेम्निटी ओन्ली’ ही त्या नोकरीच्या टेबलावरून दिसलेली कादंबरी आहे. खोटं नाव सांगून आलेलं गिऱ्हाईक पोरीबाळींना हे काम झेपेल का म्हणून कचरतं, आणि तपास जातो तो एका कामगार संघटनेच्या आणि विमा कंपनीच्या संगनमतानं चाललेल्या बनावट दाव्यांपर्यंत. केनच्या कादंबरीत विमा हा बाईच्या हावेचा सापळा होता. इथे बाई दाव्यांचे कागद वाचते आणि हाव कंपनीच्या वरच्या मजल्यावर सापडते. पुढची पुस्तकं याच वाटेनं गेली. ‘डेडलॉक’मध्ये (१९८४) पंचमहासरोवरांवरची जहाज वाहतूक, ‘किलिंग ऑर्डर्स’मध्ये चर्चचा पैसा, ‘बिटर मेडिसिन’मध्ये नफ्यासाठी चालवलेलं रुग्णालय, ‘हार्ड टाइम’मध्ये (१९९९) खासगी कंपनीकडे दिलेला तुरुंग, ‘टोटल रिकॉल’मध्ये (२००१) नाझी छळात मारल्या गेलेल्यांच्या वारसांना नाकारलेले विमादावे. शहराचा अर्थव्यवहार एवढ्या चिकाटीनं गुन्हेकथेत कुणी मांडला असेल असं मला वाटत नाही.

त्यातही १९८८ ची ‘ब्लड शॉट’, जी ब्रिटनमध्ये ‘टॉक्सिक शॉक’ नावानं निघाली, माझ्या मते सर्वांत पक्की. वॉरशॉस्की दक्षिण शिकागोतल्या पोलाद गिरण्यांच्या वस्तीत वाढलेली, पोलिश वंशाच्या पोलीस शिपायाची आणि इटलीतून पळून आलेल्या गायिकेची मुलगी. त्याच वस्तीत ती एका मैत्रिणीच्या बापाचा शोध घ्यायला परतते आणि एका रसायन कारखान्यापाशी पोचते. कारखाना वर्षानुवर्षं कामगारांचं रक्त तपासत होता, आजार दिसत होता आणि कामगारांना मात्र काही सांगितलं जात नव्हतं. सगळा पुरावा डॉक्टरच्या वह्यांमध्ये आहे. मारेकरी तिला बांधून दलदलीच्या तळ्यात टाकून देतात तो प्रसंग अंगावर येतो, यात वाद नाही. पण कादंबरीचा कणा त्या वह्या आहेत. तळ्यातून वाचणं हे वह्यांपर्यंत पोचायचं मोल. मार खाल्ल्यावर मार्लो डोकं झटकून उठतो. वॉरशॉस्की उठत नाही. तिला डॉक्टर लॉटी हर्शेल ही व्हिएन्नाहून निर्वासित होऊन आलेली मैत्रीण टाके घालते, वर रागावते, आणि त्या आठवड्याचं काम बुडतं. शेजारचे कॉन्ट्रेरस आजोबा आणि दोन कुत्री यांचीही तिच्या आयुष्यात जागा आहे, अनेकदा नको तितकी. एकटेपणाला शौर्य मानणारा पुरुषी साचा इथे मोडतो, कारण बुडालेली कमाई भरून काढताना माणसं लागतात.

ग्राफ्टन यांचा स्वभाव वेगळा, विनोद जास्त, राजकारण कमी. पण हिशेब तोच. घटस्फोटानंतर मुलांच्या ताब्यावरून चाललेल्या भांडणात नवऱ्याला मारायच्या कल्पना त्या रंगवत बसत, आणि त्यातलाच एक उपाय ‘ए इज फॉर अलिबाय’मध्ये उतरला: ॲलर्जीच्या गोळीच्या कॅप्सूलमध्ये कण्हेरीची पूड. या पहिल्या पुस्तकातला एक बळी हिशेबनीस तरुणी आहे, आणि तिच्या खुनाचं कारण सापडतं वह्यांतल्या अफरातफरीत. किन्सीचं ऑफिस एका विमा कंपनीच्या आवारात आहे. भाडं नाही, बदल्यात दाव्यांचा तपास. ही सोयही पुढे कंपनीच्या खर्चकपातवाल्या साहेबापायी जाते आणि तिला दुसरी जागा शोधावी लागते. ती नखं कापायच्या कात्रीनं स्वतःचे केस कापते, कुठल्याही समारंभाला चालेल असा एकुलता एक काळा ड्रेस बाळगते, शेंगदाण्याचं बटर आणि लोणचं घालून सँडविच खाते, पुठ्ठ्याच्या कार्डांवर नोंदी करते. कादंबरीचा शेवट ती गिऱ्हाइकाला दिलेल्या अहवालासारखा सही करून करते. गोष्ट सांगणं हेही तिच्या कामाचाच भाग आहे, कबुलीजबाब किंवा विलाप नाही. २०१७ च्या डिसेंबरात ग्राफ्टन गेल्या तेव्हा मालिका ‘वाय’पर्यंत आली होती, ‘झेड’ लिहिलंच गेलं नाही.

या सगळ्यावरचा खरा जोरकस आक्षेप स्त्रीवादी बाजूनंच आला. कॅथलीन ग्रेगरी क्लाइन यांनी १९८८ सालच्या ‘द वुमन डिटेक्टिव्ह’ या अभ्यासग्रंथात म्हटलं, की गुन्हेकथेचा साचाच पुरुषी व्यवस्थेचा आहे: शांतता भंगते, गुप्तहेर गुन्हेगार पकडतो, पूर्वीची घडी पुन्हा बसते. त्या घडीत बाईला जागा नसेल तर गुप्तहेर बाई केली म्हणून काय बदलतं? एकतर ती खरी बाई उरत नाही, नाहीतर खरी गुप्तहेर होत नाही. पिस्तूल, टोमणे, व्हिस्कीची आवड ही मार्लोचीच उसनवारी आहे हे मान्य करावं लागतं. वॉरशॉस्की ब्लॅक लेबल पिते, किन्सी सांता टेरेसा नावाच्या ज्या काल्पनिक गावात राहते ते गावही रॉस मॅकडोनाल्डकडून घेतलेलं. पण घडी परत बसते हे या पुस्तकांबद्दल खरं नाही. कामगारांचं दूषित झालेलं रक्त खुनी सापडल्यावर शुद्ध होत नाही, आणि कादंबरीही तसं भासवत नाही. आक्षेपाला दुसरं उत्तर तुलनेतून मिळतं. पुरुषांनी लिहिलेल्या गाजलेल्या कणखर नायिका घ्या. पीटर ओ'डॉनेलची मॉडेस्टी ब्लेझ १९६३ मध्ये चित्रमालिकेत आली तीच मुळी गुन्हेगारी टोळी चालवून गडगंज होऊन निवृत्त झालेली. स्टीग लार्सनची लिस्बेथ सालांडर २००५ च्या पहिल्या कादंबरीच्या शेवटाला एका बदमाश उद्योगपतीची खाती रिकामी करून अब्जावधी क्रोनरची धनीण होते. दोघींच्या अंगी असामान्य कसब आहे, आणि दोघींच्या लेखकांनी त्यांना महिन्याच्या खर्चातून मोकळं करून टाकलं आहे. लिस्बेथच्या यातना खोट्या नाहीत, तिचा राग तर मुळीच नाही. तरी उद्याचं भाडं कसं भरायचं हा प्रश्न सुटल्यावर तिचा कणखरपणा दंतकथेकडे झुकतो. साचा कोण वापरतं यापेक्षा त्या साच्यात पैशाची चणचण ठेवायची की काढून टाकायची, ही निवड अधिक बोलकी आहे.

लेखिकांच्या स्वतःच्या कमाईचा प्रश्नही याच सुमारास ऐरणीवर आला. १९८६ साली न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजात झालेल्या परिषदेत पारेत्स्की थ्रिलरमधल्या बायकांवरच्या वाढत्या विकृत हिंसेबद्दल बोलल्या, आणि त्याच वर्षी बाल्टिमोरच्या संमेलनात काही लेखिका एकत्र बसल्या. त्यातून ‘सिस्टर्स इन क्राइम’ ही संघटना निघाली. तिनं घोषणा देण्याऐवजी वर्तमानपत्रांतली परीक्षणं मोजायला घेतली. अमेरिकेत सार्वजनिक ग्रंथालयं परीक्षणं पाहून पुस्तकं मागवतात, पुठ्ठाबांधणीच्या पुस्तकाचा खप बराचसा तिथे ठरतो. परीक्षण नाही म्हणजे मागणी नाही आणि पुढच्या पुस्तकाचा करारही नाही. गुन्हेकथा लिहिणाऱ्यांत बायका भरपूर होत्या, परीक्षणांत त्यांचा वाटा फारच कमी होता, आणि आकडे पुढे ठेवल्यावर संपादकांना उत्तर देणं भाग पडलं. आपल्या नायिका जसं काम करतात तसंच हे काम. चित्रपटांनी मात्र फारसं काही शिकलेलं दिसलं नाही. १९९१ मध्ये कॅथलीन टर्नरला घेऊन काढलेला वॉरशॉस्कीचा चित्रपट पडला. हॉलिवूडमध्ये अनेक वर्षं पटकथा लिहून कंटाळलेल्या ग्राफ्टन यांनी हक्क विकायचेच नाहीत असं ठरवलं होतं आणि मुलांनाही बजावलं होतं. त्यांच्या मृत्यूनंतर २०२१ मध्ये कुटुंबानं ते विकले.

आता एक आक्षेप माझ्या म्हणण्यावरच. परवाना, ऑफिस, वकिली हे सारं शिकलेल्या गोऱ्या बाईचं; कमाई हाच कणखरपणा म्हटलं तर जिच्या कमाईला कुणी मान देत नाही तिचं काय? बार्बरा नीली यांची ‘ब्लँच ऑन द लॅम’ (१९९२) इथे कामी येते. ब्लँच व्हाइट ही नॉर्थ कॅरोलिनातली कृष्णवर्णीय मोलकरीण. मालकांनी पगार बुडवला म्हणून तिचे चेक वटत नाहीत, आणि चेक वटले नाहीत म्हणून तिला ३० दिवसांची कैद होते. ती कोर्टातूनच निसटते आणि एका श्रीमंत घरात बदली कामाला राहून लपते. स्वयंपाकघरातून घर जसं कळतं तसं दिवाणखान्यातून कळत नाही; कोण कुणाला घाबरतं, औषध कुणाच्या हातून जातं, सही कुणाकडून करवली जाते, हे तिला नोकराच्या अदृश्यपणामुळे दिसतं. तिच्याकडे परवाना नाही, पण कथेला गती देणारी गोष्ट न मिळालेली मजुरीच आहे. जपानमध्ये नात्सुओ किरिनो यांची ‘आउट’ (१९९७) याहून काळी. टोकियोच्या कडेला डबे भरायच्या कारखान्यात चार बायका रात्रपाळी करतात, कारण रात्रीचा दर दिवसापेक्षा चढा. त्यांतली एक नवऱ्याचा खून करते, बाकीच्या प्रेताची विल्हेवाट लावतात, आणि मग हेच काम पैसे घेऊन करू लागतात. सूत्रधार मासाको पूर्वी एका पतसंस्थेत वीसेक वर्षं काम करत होती. पुरुषांइतकं वेतन मागितल्यावर तिला छळून बाहेर काढलं. जपानचा समान रोजगारसंधी कायदा १९८६ मध्ये अमलात आला होता हे ध्यानात घेतलं की मासाकोच्या शांत थंडपणाचा उगम कळतो. इथे कमाईनं कुणाची सुटका होत नाही. माझ्या मुद्द्याला यानं धक्का बसतो का? मला तो अधिक नेमका झालेला वाटतो: लेखिका कणखरपणा पैशाच्या जागी शोधतात, तिथे काय सापडेल याची हमी त्या देत नाहीत.

२०१२ नंतरची लाट वरवर घराच्या चार भिंतींत परतलेली दिसते. लग्न, संशय, विश्वास ठेवता येणार नाही अशी निवेदिका. पण गिलियन फ्लिन यांच्या ‘गॉन गर्ल’मधली नवराबायको दोघं नोकऱ्या गमावून मिसूरीत येतात, आणि एमीच्या नावचा पैसा आईबाप परत मागतात; पॉला हॉकिन्स यांच्या ‘द गर्ल ऑन द ट्रेन’मधली (२०१५) रेचल नोकरी गेली तरी घरमालकिणीला कळू नये म्हणून रोज लंडनच्या गाडीत बसते. खून पुढे, आधी पगार जातो.

या साऱ्याला मुंबईकडे वळवणारी लेखिका म्हणजे सुजाता मॅसी. बाल्टिमोरला राहणाऱ्या मॅसी यांची परवीन मिस्त्री १९२१ च्या मुंबईत वडिलांच्या फर्ममध्ये सॉलिसिटर आहे. झुंजार आणि काळा पहाड या रहस्यकथांच्या नायकांवर पोसलेल्या मराठी वाचकाला फोर्टातलं हे ऑफिस अनोळखी वाटू नये. ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ (२०१८) मध्ये एका मुस्लिम गिरणीमालकाच्या तीन विधवा लग्नात ठरलेला आपापला मेहर वक्फला, म्हणजे धर्मादाय निधीला, देऊन टाकल्याचे कागद तिच्यासमोर येतात आणि सह्यांबद्दल तिला शंका येते. बायका पडद्यात, पुरुष वकील आत जाऊ शकत नाही; परवीन जाऊ शकते. तिची स्वतःची स्थिती अशी, की छळणाऱ्या नवऱ्यापासून विभक्त राहायची मुभा पारशी कायद्यानं दिली आहे, घटस्फोट मात्र मिळालेला नाही. तिच्यामागे उभी असलेली खरी बाई नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून शिकून परीक्षेत वरचा क्रमांक आला तरी इंग्लंडची सरकारी शिष्यवृत्ती बाई म्हणून नाकारली गेली, आणि हितचिंतकांच्या मदतीनं १८८९ साली त्या ऑक्सफर्डला पोचल्या. कायद्याची परीक्षा १८९२ मध्ये दिली, पदवी हातात पडायला १९२२ उजाडलं, आणि हिंदुस्थानात बायकांना वकिली करता येईल असा कायदा १९२३ मध्ये झाला. तोवर १९०४ पासून त्या बंगालमध्ये सरकारच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे पडदानशीन बायकांच्या कायदा सल्लागार होत्या. म्हणजे पगार साम्राज्याचा. हा तिढा मॅसी यांनी टाळलेला नाही. ‘द सातापूर मूनस्टोन’मध्ये (२०१९) सह्याद्रीतल्या एका काल्पनिक संस्थानात दोन राण्यांचा वाद सोडवायला परवीनला बोलावतं ते ब्रिटिश सरकारच; मनानं गांधींकडे झुकलेली परवीन ते काम घ्यावं की नाही या विचारात पडते आणि शेवटी घेते. सोराबजींची गोष्ट याच्या उलट गेली: त्यांना साम्राज्य मान्य होतं, गांधींचं आंदोलन नव्हतं, आणि १९२७ साली कॅथरिन मेयो यांच्या, हिंदी समाजावर झोड उठवणाऱ्या ‘मदर इंडिया’ची बाजू घेऊन त्यांनी आपल्याच लोकांचा रोष ओढवून घेतला. मॅसी यांनी नायिकेला सोराबजींचं काम दिलं, त्यांचं राजकारण दिलं नाही. फीचा चेक मात्र दोघींना एकाच खजिन्यातून येतो.